न स्वीकारलेली ठेव

एकदा एक बँक बंद पडली. अमेरिकेच्या मध्यभागी, जिथे नजर जाईल तिथवर गव्हाशिवाय काही दिसत नाही अशा सपाट प्रदेशात, चार-साडेचारशे वस्तीच्या एका गावात ती होती. पहिले महायुद्ध संपून चार-पाच वर्षे लोटली होती. युद्धकाळात सोन्याच्या मोलाने विकला गेलेला गहू आता मातीमोल झाला होता, आणि त्या बाजूच्या लहानसहान बँका एकामागून एक दारे लावून घेत होत्या. तेव्हा बँक बंद पडणे हे काही नवल नव्हते. नवल आहे ते ती बंद करणाऱ्या वृद्धाचे, आणि त्याहून थोडे अधिक त्याच्या शिष्याचे.

वृद्धाचे नाव ऑगस्ट एकडाल. स्वीडनहून तरुणपणी आलेले, उंच, मितभाषी गृहस्थ. तीस वर्षांपूर्वी त्यांनीच ही बँक उघडली होती. शिष्याचे नाव रॉस्को. अकरा वर्षांपूर्वी तो कारकून म्हणून आला आणि एकडालांच्या हाताखाली शिकत शिकत रोखपाल झाला. कर्ज मागायला आलेल्या माणसाचा कागद नंतर वाचावा, आधी त्याच्या बैलघोड्यांची अवस्था पाहावी, हे त्याला एकडालांनी शिकवले. पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन आणि ही खुर्ची तुझी, असेही त्यांनी सांगितले होते. रॉस्कोचे लग्न होऊन दोन वर्षे झाली होती. घर बांधण्यासाठी त्याने अकरा वर्षांत सहाशे चाळीस डॉलर साठवले होते, आणि अर्थातच ते याच बँकेत होते.

एका मंगळवारी, बँकेची वेळ संपल्यावर, तार आली. ज्या मोठ्या शहरातल्या मोठ्या बँकेत या लहान बँकेची गंगाजळी ठेवलेली होती, ती मोठी बँकच बुडाली होती. गुरुशिष्य दिवे लागेपर्यंत आकडे मांडत बसले. निष्कर्ष सरळ होता. सगळी कर्जे सावकाश वसूल झाली, तर ठेवीदारांचे जवळजवळ सर्व पैसे परत देता येतील. पण सगळे ठेवीदार एकदम आले, तर अर्ध्यांनाच मिळतील.

“गावात कोणाला ठाऊक नाही,” रॉस्को म्हणाला. “स्टेशनमास्तर तोंडाचा घट्ट माणूस आहे. पीक विकले जाईपर्यंत दोन महिने तग धरला, तर निभावून जाऊ.”

एकडालांनी वह्या मिटल्या. दुसऱ्या दिवशी पहाटेच ते स्टेशनावर गेले आणि त्यांनी राज्याच्या राजधानीला एक तार केली. तारेत काय लिहिले ते रॉस्कोला सांगितले नाही.

बुधवारी दहाला बँक उघडली. पहिल्याच तासात हुल्दाबाई आल्या. गेल्या वर्षी त्यांचे यजमान वारले होते. एकटीला झेपेना म्हणून त्यांनी दुभती गुरे विकली होती, आणि त्याचे अठराशे डॉलर कापडी पिशवीत घालून त्या ठेवायला आल्या होत्या. अठराशे डॉलर! दोन महिने काढायला एवढे पुरेसे होते. देवच धावून आला असे त्याला वाटले. त्याने पावतीपुस्तक पुढे ओढले आणि टाक शाईत बुडवला.

एकडालांचा सुरकुतलेला हात पावतीपुस्तकावर येऊन थांबला.

“हुल्दाबाई, आज आम्ही ठेव घेत नाही. पैसे समोर पोस्टात ठेवा.”

बाई गोंधळल्या. “पोस्टात? इथे दुप्पट व्याज मिळते. माझ्या यजमानांनी वीस वर्षे तुमच्याकडेच पैसे ठेवले. माझेच का नकोत?”

“कारण उद्या सांगेन. आज एवढेच ऐका, पोस्टात ठेवा.”

“उद्या मी कशाला येते इथे!” बाई संतापाने पिशवी उचलून निघून गेल्या. खिडकीतून त्या रस्ता ओलांडताना दिसल्या. रॉस्कोला वाटले, आपले घर, आपली खुर्ची, आपली अकरा वर्षे त्या पिशवीत बसून चालली आहेत.

“सर, हे काय केलेत?” त्याचा आवाज चढला. “चालत आलेली लक्ष्मी परत पाठवलीत! कोणाचे नुकसान झाले असते? दोन महिन्यांत बाईंना व्याजासह दिले असते!”

“आज सांगितले तरी तुला ऐकू येणार नाही,” एकडाल शांतपणे म्हणाले. “राजधानीहून परवानगी आली की उद्यापासून दार बंद. तोवर जो मागेल त्याला द्यायचे, घ्यायचे मात्र कोणाकडूनही नाही.”

रॉस्कोने खणातून एक चिठ्ठी काढली, स्वतःच्या नावावर सहाशे चाळीसचा आकडा लिहिला, खाली सही केली आणि ती गुरूंसमोर ठेवली.

“जो मागेल त्याला द्यायचे ना? मी मागतो आहे.”

एकडालांनी चिठ्ठी वाचली, शिक्का मारला, नोटा मोजल्या आणि पाकिटात घालून त्याच्या हाती दिल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, उपदेश नव्हता. त्या मौनाने रॉस्को अधिकच चिडला. घरी गेल्यावर त्याने पाकीट पत्नीच्या, एल्सीच्या, हाती दिले आणि सारे सांगितले. एल्सीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि पाकीट पिठाच्या डब्यात लपवले. संध्याकाळी राजधानीची परवानगी आली.

गुरुवारी सकाळी दारावर कागद लागला. त्या काळी अशी वेळ आली की बँकवाले रात्रीच्या गाडीने गाव सोडत, किंवा निदान पडदे ओढून घरात बसत. एकडालांनी आपली खुर्ची उचलली, बाहेर फुटपाथवर बंद दारासमोर ठेवली, आणि ते तीवर बसले. रॉस्को त्यांच्या बाजूला उभा राहिला. बातमी पसरायला वेळ लागला नाही. दहा वाजेपर्यंत दीडेकशे माणसे जमली. कोणी ओरडत होते, कोणी रडत होते. एकाने कायद्याची धमकी दिली, एकाने मुठी आवळल्या.

एकडाल प्रत्येकाला नावाने हाक मारून तेच सांगत होते. “पैसे शहरात बुडाले. इथे जे आहे ते सर्वांचे आहे. प्रत्येकाला सारख्या प्रमाणात मिळेल. वेळ लागेल.”

“सारख्या प्रमाणात!” मागून कोणी ओरडले. “तुमच्या माणसांनी आधीच काढून घेतले असतील!”

गर्दी पुढे सरकली. एवढ्यात खोगिरे आणि लगाम शिवणारा म्हातारा कॉनरॅड वाट काढत आला. तीन मैलांवर राहणारा, सगळीकडे पायीच जाणारा माणूस. त्याचे तीनशे डॉलर बँकेत होते, तेवढेच त्याचे म्हातारपण. रॉस्कोला वाटले, हा आता आपल्या अंगावर येणार. पण कॉनरॅडने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“तुझेही गेले ना रे, पोरा?” तो म्हणाला. “घरासाठी साठवत होतास. मला ठाऊक आहे.”

लोक रॉस्कोकडे पाहू लागले. कुजबुज झाली, याचेही गेले, अकरा वर्षांचे. पुढे आलेले पाय थांबले. ज्या बँकेतल्या माणसानेही पैसे काढले नाहीत, त्या बँकेला चोर कसे म्हणायचे? गर्दीचा ताठा हळूहळू उतरला. जे ओरडत होते ते प्रश्न विचारू लागले.

आणि रॉस्को गप्प उभा होता. त्याने होकार दिला नाही, नकारही दिला नाही. कॉनरॅडचा तो हलका हात त्याला मणभर जड वाटत होता.

दुपारी गर्दी पांगल्यावर तो आत गेला. एकडाल पाणी पीत होते.

“सर, काल तुम्ही मला अडवले का नाही?”

“चिठ्ठी तुझी होती, पैसे तुझे होते, दार उघडे होते. कोणत्या अधिकाराने अडवू?”

“हुल्दाबाईंना मात्र अडवलेत.”

“त्यांना ठाऊक नव्हते. तुला ठाऊक होते.” एकडालांनी पेला खाली ठेवला. “आता ऐक. हुल्दाबाईंचे अठराशे घेतले असते, तर ते आपण कोणाला दिले असते? काल जो मागायला आला त्याला. आणि हुल्दाबाईंचे कुठून दिले असते? उद्या जो ठेवायला येईल त्याच्या पिशवीतून. असे एकेकाच्या पिशवीतून पुढे सरकत आपण दोन महिने काढले असते, कदाचित चारही. पण ही साखळी कुठेतरी तुटतेच. ती ज्याच्या हातात तुटते तो आपल्यावर सर्वांत शेवटी विश्वास ठेवणारा माणूस असतो. म्हणजे ज्याने सर्वांत जास्त विश्वास ठेवला, तोच बुडतो.”

त्यांनी खिडकीतून रस्त्याकडे पाहिले. “दार बंद करण्याची घाईही तेवढ्यासाठीच. बँक डळमळते आहे हे कळल्यावर सगळ्यांत आधी कोण पोचते? ज्याच्याकडे मोटार आहे तो. मग घोडागाडीवाला. जो तीन मैल चालत येतो, तो पोचेपर्यंत तिजोरी रिकामी झालेली असते. दार बंद झाले की मोटारवाला आणि चालणारा एका रांगेत येतात. चालू बँक सांभाळायला मी तुला शिकवले, रॉस्को. बंद करायलाही शिकवावे लागेल असे वाटले नव्हते.”

रॉस्कोने टोपी घातली आणि तो घरी गेला.

एल्सी ओट्यापाशी होती. त्याने सरळ पिठाच्या डब्यात हात घातला तेव्हा तिला सारे कळले.

“आणि घर?” तिने विचारले.

“बांधू. पुढे.”

“पुढे म्हणजे केव्हा?”

“ठाऊक नाही.”

तिला ते पटले होते असे नव्हे. पण मग तिने फडके घेतले, पाकिटावरचे पीठ पुसले, आणि ते त्याच्याकडे सरकवले. “जा. पुन्हा विचार करायला लावू नकोस मला.”

दुपारच्या गाडीने राज्य सरकारचा तपासनीस आला होता आणि बँकेत वह्या उघडून बसला होता. रॉस्कोने पाकीट त्याच्या पुढ्यात ठेवले आणि कालची हकिगत सांगितली. तपासनिसाने चष्मा कपाळावर चढवला.

“तुम्ही काल काढलेत ते कायद्याने तुमचे आहेत. मी परत मागितलेले नाहीत.”

“ठाऊक आहे. सर्वांना मिळेल तेवढेच मलाही द्या.”

“गेल्या दोन वर्षांत मी एकोणतीस बँका बंद केल्या,” तपासनीस सावकाश म्हणाला. “नेलेले पैसे परत आले, असे लिहायला माझ्या कागदावर रकानाच नाही.” मग त्याने समासात बारीक अक्षरात ओळ लिहिली आणि रॉस्कोची सही घेतली.

रॉस्को बाहेर आला. कॉनरॅड अजून गेला नव्हता. समोरच्या बाकावर चालण्याचा शीण घालवत बसला होता. रॉस्को त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

“कॉनरॅड, सकाळी तुम्ही विचारलेत तेव्हा मी गप्प राहिलो. माझे गेले नव्हते. मी काल काढून घेतले होते. आत्ता परत ठेवून आलो.”

म्हाताऱ्याने मान वर केली. ओठ घट्ट मिटलेले. रॉस्कोने ठरवले, आता तो जे बोलेल ते ऐकून घ्यायचे.

“सगळे?” कॉनरॅडने विचारले.

“सगळे.”

कॉनरॅड बाकावर थोडा सरकला. रॉस्को त्याच्याशेजारी बसला.

ती बँक पुन्हा उघडली नाही. पण एकडाल रोज दहा ते तीन त्या बंद दारापुढे बसत राहिले, हिवाळ्यात अंगावर घोंगडी घेऊन. कर्जदार तिथे येत, हप्ता कधी देऊ ते सांगत, आणि बहुतेक जण देत. गावात कोणीतरी घेतलेले पैसे इतरांसाठी परत करतो आहे, हे एकदा कळले की कर्ज बुडवणे अवघड होते. एकडालांनी आपले घर आणि त्यामागची फळबाग विकून ते पैसेही त्यात घातले. तीन वर्षांनी हिशेब पुरा झाला तेव्हा ठेवीदारांना डॉलरमागे सत्त्याण्णव सेंट मिळाले. त्या प्रदेशात असे दुसरे उदाहरण झाले नाही. उरलेले तीन सेंट मात्र एकडालांना अखेरपर्यंत टोचत राहिले.

रॉस्कोचे घर पाच वर्षांनी झाले, ठरवले होते त्याहून एका खोलीने लहान. पुढे शेतकऱ्यांनी मिळून धान्यविक्रीची संस्था काढली आणि तिच्या किल्ल्या रॉस्कोकडे देण्याचे ठरवले, तेव्हा त्याने भर सभेत उठून त्या बुधवारच्या चिठ्ठीची हकिगत आधी सांगितली. “हे ठाऊक नसताना किल्ल्या देऊ नका,” तो म्हणाला. मग कोणीतरी किल्ल्यांचा जुडगा टेबलावरून त्याच्याकडे सरकवला, आणि तो त्याने उचलला.

उघड्या दारातून आपण जे घेतो ते आपल्या हक्काचे असेलही. घेण्यापूर्वी एकदा रस्त्याकडे पाहावे, कोणी अजून चालत येत आहे का.