सर्व्हरची कहाणी आणि मूठभर फुटाणे

तालुक्याच्या एका गावी औषधांची एक कंपनी होती. फार मोठी नाही, अगदी लहानही नाही. दीडशे माणसे, अकरा गावांत शाखा आणि मागच्या अंगाला एक शीतगृह. त्यात लसी आणि इन्सुलिन ठेवलेले असायचे. सकाळी शाखांकडून मागणी यायची, ती मुख्य सर्व्हरवर उतरायची आणि मग औषधांच्या गाड्या सुटायच्या. सर्व्हर म्हणजे काय, तर कंपनीतल्या सगळ्या संगणकांना वाढणारी घरची गृहिणी. तीच आजारी पडली, तर पंगत उपाशी.

या सर्व्हरची देखभाल दोघांकडे होती. एक कुमुदताई साबळे आणि दुसरा भालचंद्र देवकाते.

कुमुदताई पन्नाशीच्या. घरी देवपूजा करून, पंचांग पाहून निघायच्या. कचेरीत आल्या की आधी सर्व्हरच्या बातम्या वाचायच्या. कुठल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, कशात खोट निघाली, कशावर दुरुस्ती निघाली, सगळे बघायच्या. तिथी न बघता उपास धरता येत नाही, तसा बातमी न वाचता सर्व्हर सांभाळता येत नाही, असे त्या हसून म्हणत.

भालचंद्र चाळिशीचा, हाताचा मोठा हुशार. अकरा शाखांना जोडणारे नेटवर्क त्यानेच उभे केले होते. कोणती तार कुठून येते आणि कुठे जाते, हे त्याने एका हिरव्या वहीत लिहून ठेवले होते. ती वही खणात आणि खणाला कुलूप.

कुमुदताईंच्या घरी आईपासून चालत आलेले शुक्रवारचे व्रत होते. देवीची कहाणी कोणाला तरी सांगायची, मगच जेवायचे. ऐकणाऱ्याच्या मुठीत गूळ-फुटाणे द्यायचे. त्याने ऐकता ऐकता हूं म्हणायचे आणि कहाणी संपली की फुटाणे खायचे. ऐकणारा मात्र निवडायचा नाही. समोर जो येईल, त्यात देवी आहे असे समजायचे. आईचा हा नेम कुमुदताईंनी कधी मोडला नाही. कंपनीत सर्व्हर आला, त्या वर्षी त्यांनी देवापुढे आणखी एक वसा घेतला. देवीच्या कहाणीनंतर सर्व्हरचीही एक कहाणी सांगायची. त्याला काय होते, कशाने होते आणि झाले तर काय करायचे. तेवढे सांगून मग डबा उघडायचा.

पहिल्या शुक्रवारी समोर आल्या पॅकिंगच्या फुलाबाई खरात. मूठ पुढे करून त्या म्हणाल्या, "ताई, मला मेलीला त्यातलं काय कळतंय?"

"जिथं कळणार नाही, तिथं हूं म्हणू नका," कुमुदताई म्हणाल्या. "मी परत सांगेन."

त्या दिवशी फुलाबाई पाच ठिकाणी गप्प राहिल्या. कुमुदताईंचा डबा थंडगार झाला. पण वीज गेल्यावर बॅटरी कुठवर पुरते आणि तोवर कोणते काम आटपून घ्यायचे, हे त्या दिवसापासून फुलाबाईंना पाठ झाले. फाटकावरचे इस्माईलचाचा तर सर्व्हरच्या खोलीतला आवाज बदलला की चहा सोडून सांगायला येत. पासवर्ड मात्र कुमुदताई कोणाला सांगत नसत. ते बंद पाकिटात, शेठजींच्या कपाटात. वाट सगळ्यांना सांगायची, किल्ली नाही, असा त्यांचा हिशेब होता.

भालचंद्रला या कहाण्यांची गंमत वाटायची. तो म्हणायचा, "ताई, असं सगळ्यांना सगळं वाटत सुटलात तर एक दिवस शेठजी फुलाबाईंनाच तुमच्या खुर्चीत बसवतील."

"बसवू देत की. तारा तरी नीट बांधतील. तू मागं सोडलेला गुंता मी अजून सोडवतेय," कुमुदताई म्हणायच्या.

अशी वर्षे गेली. मग एके दिवशी कंपनीचे मालक माणिकशेठ यांनी एक नवे साधन विकत घेतले. अकरा शाखांमधली सगळी यंत्रे त्यात एकाच पडद्यावर दिसायची. नीट चालले आहे ते हिरवे, बिघडले आहे ते लाल. विकणाऱ्याने सांगितले, आता दोघांचे काम एकजण करील. शेठजींना ते पटले. त्यांनी दोघांना बोलावून सांगितले, "महिनाअखेरीला तुमच्यातला एकच राहील. कोणावाचून कंपनीचं अडतं, ते मला बघायचं आहे."

दोघेही बाहेर आले. भालचंद्रच्या दोन मुली शाळेत होत्या. कुमुदताईंच्या यजमानांचे गुडघे गेल्यापासून त्यांचे शिवणाचे दुकान बंद होते. घर ताईंच्या एका नोकरीवर चालले होते. रात्री जेवताना यजमान म्हणाले, हा एक महिना तरी कहाणी पोटात ठेव, देवी काही रागावायची नाही. कुमुदताईंनी ताट आवरले. पण पुढचे चार दिवस त्यांचे पूजेत लक्ष लागले नाही, एवढे खरे.

शुक्रवार आला. सकाळी बातम्या उघडल्या आणि कुमुदताई खुर्चीत सावरून बसल्या. कंपनीच्या मुख्य सर्व्हरवर जे सॉफ्टवेअर चालत होते, त्यात मोठे भगदाड सापडले होते. त्यातून चोर आत शिरत, सगळ्या फायली कुलूपबंद करत आणि मग खंडणी मागत. सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी दुरुस्ती काढली होती आणि ती लगेच लावा असे बजावले होते. गाड्या खोळंबू नयेत म्हणून रविवारी, सुटीच्या दिवशी, ती लावायची असे ठरले.

पण त्या सर्व्हरची एक खोड होती आणि ती फक्त कुमुदताईंना ठाऊक होती. शीतगृहाची थंडी सांभाळणारे एक जुने यंत्र होते. ते मुख्य सर्व्हरशी सारखे बोलत असायचे. मुख्य सर्व्हर आधी बंद केला, की ते यंत्र गोंधळून शीतगृहच बंद करून टाकायचे. म्हणून आधी त्या जुन्या यंत्राचे बोलणे थांबवायचे, मग मुख्य सर्व्हरला हात लावायचा. हे कोणत्याही पुस्तकात नव्हते. आठ वर्षांपूर्वी एकदा लसी वाया गेल्या होत्या, त्या दिवशी कुमुदताईंना ते कळले होते. तेव्हापासून मुख्य सर्व्हर बंद करायचे काम त्या स्वतःच करत, म्हणून ते अजून कोणत्याच कहाणीत आले नव्हते.

दुपार झाली. डबा समोर आणि मूठभर फुटाणे कागदात. गोदामात कीडनाशकाची फवारणी होती, म्हणून पॅकिंगच्या बायकांना सुटी. इस्माईलचाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. माणिकशेठ परगावी. सगळ्या कचेरीत समोर एकटा भालचंद्र.

कुमुदताईंनी दोनदा फाटकाकडे पाहिले. चाचा तासाभरात येतील, त्यांना सांगता येईल, असे मनात आले. आपली एवढी एकच गोष्ट उरली आहे आणि तीही याच्या हाती दिली तर महिनाअखेरीला आपण घरी, हेही मनात आले. मग आईचे बोलणे आठवले. ऐकणारा निवडायचा नाही.

त्यांनी खुर्ची वळवली. "भालचंद्र, मूठ पुढे कर."

त्याने आधी हसून टाळले, मग मूठ पुढे केली. कुमुदताईंनी देवीची कहाणी सांगितली. तो हूं म्हणत गेला. मग त्यांनी सर्व्हरची कहाणी सुरू केली. भगदाड कुठे आहे, दुरुस्ती कुठून घ्यायची, ती खरी आहे का ते कसे पडताळायचे. तो हूं म्हणत गेला. मग त्यांनी जुन्या यंत्राचे सांगितले. तिथे भालचंद्र एकदम गप्प झाला.

त्याला कळले नाही असे समजून कुमुदताईंनी सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगितले. खरे तर त्याला पहिल्याच वेळी कळले होते. आपल्या हातात काय पडते आहे, तेही कळले होते. खाली मान घालून तो हळूच म्हणाला, "हूं."

फुटाणे त्याने तेव्हा खाल्ले नाहीत. कागदात बांधून कामाच्या पिशवीत टाकले. कुमुदताईंनी मात्र डबा उघडला आणि चार दिवसांत पहिल्यांदाच पोटभर जेवल्या.

शनिवारी फोन आला. कुमुदताईंच्या लेकीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. ती दूर नांदेडला. ताई मिळेल त्या गाडीने निघाल्या. निघताना त्यांनी भालचंद्रला कळवले की रविवारी दुरुस्ती तू लाव. तो बरे म्हणाला.

रविवारी सकाळी भालचंद्र सर्व्हरपुढे उभा राहिला. त्याचा हात सवयीने मुख्य सर्व्हरकडेच गेला. कोणाही शहाण्या माणसाचा तिथेच गेला असता. मग ताईंचे शब्द कानांत वाजले, तसा त्याने हात मागे घेतला. आधी जुने यंत्र थांबवले, मग मुख्य सर्व्हर. दुरुस्ती लागली. दोन्ही यंत्रे त्याने ओळीने पुन्हा सुरू केली. नवा पडदा हिरवागार राहिला. शीतगृह जसेच्या तसे थंड. सोमवारी गाड्या नेहमीच्या वेळी सुटल्या आणि काही घडले होते हे कोणाच्या लक्षातही आले नाही.

मंगळवारी मात्र गावात एकच बोलणे होते. नदीपलीकडच्या तशाच एका कंपनीने हीच दुरुस्ती पुढच्या आठवड्यावर ढकलली होती. चोर शिरले आणि तिच्या सगळ्या फायली कुलूपबंद झाल्या. माणसे हात बांधून दारात बसली होती.

माणिकशेठ परगावाहून आले ते थेट कचेरीत. आपल्याकडे दुरुस्ती कोणी लावली म्हणून त्यांनी विचारले. सगळ्यांनी भालचंद्रकडे बोट दाखवले. शेठजींनी त्याला आत बोलावले, पत्र टंकून घेतले आणि त्याच्यापुढे सरकवले. "जागा तुझी. सही कर."

भालचंद्रने पेन काढायला पिशवीत हात घातला. पेन हाताला लागले नाही, कागदाची पुडी लागली. गुळाने कागद चिकट झाला होता. दोन मुलींचे चेहरे त्याच्या डोळ्यांपुढे आले. नुसते गप्प बसले तरी पुरे होते, कोणी काही विचारत नव्हते.

त्याने पुडी टेबलावर ठेवली.

"शेठजी, ही कहाणी माझी नाही," तो म्हणाला. "ताईंनी शुक्रवारी मला सांगितली. त्यांनी सांगितली नसती तर रविवारी मी शीतगृह बंद पाडलं असतं. मग तुम्ही मला काढून त्यांना ठेवलं असतं. आणि मला सांगताना त्यांना हे ठाऊक होतं."

शेठजींनी पुडी जवळ ओढून उघडून पाहिली. मग त्यांनी पत्र उचलून फाडले.

"मी विचारत होतो, कोणावाचून अडतं. माझा प्रश्नच चुकला होता," ते म्हणाले. "कुमुदताई इथं नव्हत्या आणि तरी आपलं अडलं नाही. अशा माणसाला घरी बसवलं तर मी व्यापारी कसला? आणि तू आता जे बोललास त्यानंतर तुलाही जा म्हणवत नाही." नवा पडदा राहू द्या, त्याला लाल-हिरवे दाखवू दे, पण काय करायचे हे माणसांनीच एकमेकांना सांगायचे, असे ठरवून त्यांनी दोघांनाही ठेवले.

पुढच्या शुक्रवारी कुमुदताई नात झाल्याची बर्फी घेऊन कामावर आल्या. नोकरी राहिल्याचे त्यांना फोनवर कळले होते. पण खोलीत शिरल्या आणि दारातच थांबल्या. खणाचे कुलूप उघडे होते. हिरवी वही टेबलावर पसरली होती. फुलाबाई आणि इस्माईलचाचा मुठीत फुटाणे धरून बसले होते. भालचंद्रने फुटाण्यांचा कागद ताईंपुढे धरला.

"ताई, आज मूठ तुमची."

त्याने पहिल्या शाखेपासून सुरुवात केली. कोणती तार कुठून येते, कुठे तुटते, कुठे उंदीर कुरतडतात. नऊ वर्षे पोटात ठेवलेले सगळे तो सांगू लागला. कुमुदताई हूं म्हणत होत्या आणि मध्येच पदराने डोळे टिपत होत्या. चार वाजले तरी तो सहाव्या शाखेवरच होता. फुलाबाई तेवढ्या कुरकुरल्या, "याची कहाणी संपेस्तोवर आमचा एकादशीचाही उपास होईल."

पण जिथे कळले नाही, तिथे त्याही गप्प राहिल्या. आणि तिथे तिथे भालचंद्रने पुन्हा सांगितले.

तात्पर्य: कामातले ज्ञान कुलपात ठेवून आपली जागा टिकत नाही. ते विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिले, की आपण नसतानाही काम उभे राहते आणि आपला मानही.