आडवा आलेला वाणी

एका घनदाट जंगलात, जिथं ऊन जमिनीपर्यंत पोचता पोचता दुपार उलटते, तिथं पाचोळ्यात एक वाघभुंगेरा राहायचा. वाघासारखी झडप घालतो म्हणून नाव वाघभुंगेरा. जीव बोटाच्या पेराएवढा, पण धावायला लागला की डोळ्यांना दिसायचाच नाही. आणि गंमत म्हणजे धावताना त्यालाही काही दिसायचं नाही! म्हणून त्यांच्यात रीतच होती, की थोडं धावायचं, थांबायचं, नीट बघायचं आणि मगच पुढं निघायचं.

एक दिवस नाकतोड्यानं त्याला डिवचलं. "वाघ म्हणे! दर चार पावलांवर दम खाणारा वाघ मी नाही बाबा पाहिला."

झालं. भुंगेऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "त्या काळ्या दगडापर्यंत एका दमात जातो. मध्ये थांबलो तर नाव सांगणार नाही," म्हणाला आणि सुटला.

वाटेत शंभर पायांचा म्हातारा वाणी किडा पाला खात होता. त्यानं पाहिलं, दगडाच्या अलीकडे पाचोळ्याच्या रंगाचा एक बेडूक दबा धरून बसलाय. "अरे थांब!" त्यानं हाक मारली, पण वाऱ्यावर स्वार झालेल्याला काय ऐकू येणार? मग म्हातारा सरळ वाटेवर आडवा पडला.

भुंगेरा त्याच्यावर धाडकन आपटला आणि उताणा झाला.

"काय हो काका! ऐन वेळी आडवे आलात. माझ्या वाईटावरच आहात तुम्ही."

"असेन बाबा," वाणी कण्हत म्हणाला. "आता थांबलाच आहेस, तर जरा समोर बघ."

भुंगेऱ्यानं पायांवर येत पाहिलं. दोन बोटांवर एका वाळक्या पानानं डोळे मिचकावले. तो झटकन मागं सरला, तशी बेडकाची जीभ सपकन आली आणि रिकामीच परत गेली.

"हरलास," नाकतोडा लांबून ओरडला.

"हरलो," भुंगेरा म्हणाला. त्याचं लक्ष वाण्याकडे होतं. म्हाताऱ्याचे तीन पाय मोडले होते. "काका, मी तुम्हाला नको ते बोललो. तुम्ही आडवे आलात म्हणून आज मी उभा आहे."

"पायांचं काय घेऊन बसलास," वाणी हसला. "माझ्याकडे पुष्कळ आहेत. तू मात्र एकच आहेस."

तात्पर्य: वाटेत आडवा येणारा प्रत्येक जण वैरी नसतो, त्याला बोल लावण्याआधी पुढं काय आहे ते बघावं आणि मग त्याचे उपकार मानावेत.