साळिंदरकाका आणि तीन हरलेले सामने

मुलांनो, करवंदीच्या जाळ्यांनी वेढलेल्या एका जंगलात एक साळिंदर राहत असे. त्याला फुटबॉलचे भारी वेड! पण खेळायला गेले की अंगावरचे काटे लागून चेंडू फुस्स. म्हणून साळिंदरकाका मैदानाच्या कडेला उभे राहून पोरांना खेळ शिकवू लागले. संघात एक आडदांड गवा होता. सगळे चेंडू त्याच्याकडेच ढकलायचे आणि तो डोळे मिटून उजव्या पायाने दणका द्यायचा. इवलासा ससा मागे उभा राहून नुसता बघत बसायचा. संघाचा प्रमुख कोल्हा याच खेळावर खूश होता.

काकांनी आल्या आल्या ही घडी मोडली. "गवेराव, दोन महिने उजवा पाय विसरायचा. आणि लाथ मारण्याआधी मान वर करून आपलं कोण मोकळं आहे ते बघायचं. ससोबा, तू आता पुढे खेळायचंस."

"काका, माझ्याकडून चुका होतील," ससा कसाबसा म्हणाला.

"होणारच. त्या मी बघून घेईन, तू खेळ."

सरावात ठीक होते, पण सामन्यातही काकांनी हाच हट्ट धरला. मग काय! गव्याचे डावे फटके करवंदीच्या जाळीत, आणि सशाच्या पायातून चेंडू निसटून थेट समोरच्यांकडे. संघ ओळीने तीन सामने हरला. प्रत्येक वेळी काका सशाला बाजूला घेऊन, कुठे चुकले ते न रागावता समजावून सांगत.

कोल्हा मात्र चिडला. "काका, पुरे झाली तुमची शाळा! उद्या नदीपलीकडच्या रानडुकरांशी गाठ आहे. सशाला काढा, राखीव तरसाला घ्या. हरलात तर तुम्हालाही नारळ!"

"ससा खेळेल," काका म्हणाले. "नारळाचं उद्या बघू."

मला या म्हाताऱ्याचे खरे कौतुक वाटते ते इथे. स्वतःची जागा राखायला त्याने पोराची जागा हिरावून घेतली नाही.

सामना रंगला. एक-एक अशी बरोबरी होती आणि वेळ संपत आली होती. चेंडू गव्याकडे येताच तीन रानडुकरे त्याच्या उजव्या अंगाला धावली, कारण त्याचा उजवा पाय साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होता. गव्याने मान वर केली. डावीकडे ससा एकटा मोकळा उभा होता. गव्याने डाव्या पायाने अलगद चेंडू त्याच्याकडे सरकवला. या वेळी सशाच्या पायांनी चेंडू सोडला नाही. अंगावर आलेल्या रानडुकराला त्याने हुलकावणी दिली आणि चेंडू कोपऱ्यातून आत घातला. गोल! गव्याने धावत जाऊन सशाला पाठीवर घेतले.

कोल्हा हसतहसत काकांजवळ आला. "वा काका, कमाल केलीत! एका दिवसात सशाला काय शिकवलंत हो?"

"आज काहीच नाही," काका म्हणाले. "तो शिकला, तो आपण हरलो त्या तीन सामन्यांत."

तात्पर्य : जिंकून देणारा खेळाडू सगळ्यांनाच हवा असतो, तो घडेपर्यंत हार सोसणारा गुरू मात्र विरळाच.