खानाची झूल

फार जुन्या काळी, उत्तरेच्या अफाट गवताळ माळावर घोड्यांचे कळप विखुरलेले असत. लांडगे त्यांची शिंगरं पळवत. शेवटी सगळे कळप एकत्र आले आणि त्यांनी तोलुन नावाच्या धिप्पाड घोड्याला आपला खान केलं. तोलुनने लांडग्यांना पार हुसकावून लावलं.

पुढे दक्षिणेच्या राजाचा वकील रेशमी झूल घेऊन आला. झूल तोलुनच्या पाठीवर चढली आणि बदल्यात दरवर्षी शिंगरं राजाच्या तटबंदीपलीकडे जाऊ लागली.

एका वसंतात वकिलाने आयसू घोडीच्या शिंगराला दोर बांधला. आयसूने तो दातांनी तोडला.

"ही राज्याची रीत आहे," तोलुन फुरफुरला.

"लाज नाही वाटत?" आयसू कडाडली. "लांडगे निदान आमच्या लाथा खाऊन शिंगरं नेत. तू तर बसल्या जागी देतोस! पोरं राखायला तुला खान केलं, मिरवायला नाही!"

ती शिंगराला घेऊन उत्तरेकडे निघाली. तिच्यामागे सगळा कळप निघाला. तोलुन हुकूम सोडत राहिला, पण कोणी वळूनही पाहिलं नाही.

वकिलाला रिकाम्या हातांनी परतायचं नव्हतं. त्याने खानाच्याच गळ्यात फास टाकला.