पान नवव्या अध्यायाचं

“मग उद्या तिचं नाव शाळेतून काढू ना, माई?”

वामन गुरुजींनी दुसऱ्यांदा विचारलं. मठ चालवणाऱ्या माईंचे ते वीस वर्षं शिष्य; मठाच्या शाळेत गुरुजींचाच शब्द अखेरचा. एकच गोष्ट दोनदा विचारायची त्यांना सवय नव्हती.

माईंनी दाराकडे पाहिलं.

नऊ वर्षांची सुगंधा दाराशी उभी होती. नाव काढलं की ती शेळ्यांमागे जाणार, पुन्हा कुठल्याच शाळेत नाही. गुरुजींना हे ठाऊक होतं.

“अख्ख्या गावासमोर नाक कापलं हिने! पोथी उन्हात घातली होती, सुटी पानं मागेपुढे झाली. ही सातवा अध्याय घडाघडा वाचतेय, आणि हातात पान नवव्याचं! लोक फिदीफिदी हसले. तीन वर्षं फसवलं मला.”

“शब्द चुकली?”

“...नाही.”

“तीन वर्षं तिच्या समोर कोण बसायचं?”

“मीच. पण—”

“सुगंधा, पान हातात घेतलंस की काय होतं गं?”

मुलीने आधी गुरुजींकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

“काल ओळखलेलं अक्षर आज ओळखू येत नाही. बोट ठेवलं तरी ओळ सुटते. ऐकलं की मात्र राहतं.”

“गुरुजींना सांगितलंस?”

“सांगितलं. म्हणाले, सोंगं पुरे, शंभरदा लिही.”

“मग?”

“लिहिलं... शंभरदा चुकलं.”

गुरुजींचा पारा चढला. “आळस आहे हा, माई! दुसरं काही नाही!”

“सातवा अध्याय म्हण, वामन. पोथीशिवाय.”

गुरुजींनी मान ताठ केली. सुरुवात खणखणीत झाली. चौथ्या ओवीला ते अडले. हात आपोआप पोथीकडे गेला...

माईंनी पोथीवर तळहात ठेवला.

गुरुजींच्या कपाळावर घाम आला. रोज वाचलेली ओवी!

दाराशी हलकेच पुढचा चरण उमटला. सुगंधाला राहवलं नव्हतं. दुसऱ्याच क्षणी तिने तोंडावर हात दाबला, आता मार बसणार अशा भीतीने.

माई हसल्या नाहीत.

“तालुक्याच्या दवाखान्यात एक बाई बसतात. वाचताना अडणारी मुलं तपासतात, त्यांना कसं शिकवायचं ते दाखवतात. सकाळच्या एसटीने हिला घेऊन जा.”

“मी? लोक काय म्हणतील, माई? गुरुजींना शिकवता आलं नाही म्हणून...”

“म्हणू देत.”

“आणि तिथे जाऊन मी काय करू?”

माईंनी पोथीवरचा हात काढला.

“तपासायला तिला बसव. शिकायला तू बस.”