झुंबरचा जामीन

एका गावात झुंबर नावाचा एक भोळा मेंढपाळ होता. सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा. गावाला त्याची मोठी गंमत वाटायची. त्याच्या बायकोच्या, सखूच्या, डोक्याला मात्र कायमचा ताप.

एकदा जत्रेत मारामारी झाली. डोकं फुटलं एकाचं, फोडलं दुसऱ्यानं, काठी मात्र झुंबरची. आदल्या दिवशी उसनी दिलेली. कोर्टात विचारलं, "काठी कुणाची?" झुंबर म्हणाला, "माझी." पुढचं कुणी विचारलं नाही, म्हणून त्यानंही सांगितलं नाही. वर्षाची शिक्षा झाली.

सखूचे दिवस भरत आले होते. ती वकीलबाईंकडे जाऊन रडली. त्यांनी वरच्या कोर्टात अपील केलं, जामीन मागितला आणि झुंबरला बजावलं, "साहेब काही बोलले की नम्रपणे 'होय साहेब' म्हणायचं."

न्यायाधीशांनी विचारलं, "तुला बाहेर सोडलं तर पळून जाशील का रे?"

"होय साहेब."

वकीलबाईंना घाम फुटला. न्यायाधीश मात्र माणूस ओळखणारे होते. हसू दाबून म्हणाले, "जामीन मंजूर. अपिलाचा निकाल लागेपर्यंत तू बाहेर राहायचं."

वकीलबाई नंतर त्याच्यावर कडाडल्या. "अरे, अशा वेळी 'मी कुठंही जाणार नाही' म्हणायचं असतं." झुंबरनं मान डोलावली. तेवढं पक्कं ध्यानात ठेवलं.

संध्याकाळी शिपायानं कोठडीचं दार उघडलं. "चल, जामीन झाला तुझा. जा घरी."

"मी कुठंही जाणार नाही," झुंबर म्हणाला.

शिपायानं समजावलं, जेलरनं समजावलं. शेवटी वकीलबाईंना बोलवावं लागलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "बाबा रे, दार उघडलं की बाहेर पडायचं. एवढं साधं आहे."

साधंच होतं. झुंबर एसटीत बसला. पहिल्याच थांब्यावर कंडक्टरनं दार उघडलं आणि झुंबर बाहेर पडला. एसटी निघून गेली. गाव अजून फार लांब होतं. चालत घरी पोचला तेव्हा पायाला फोड आले होते.

सखूनं फोडांना तेल लावलं. "अहो, आपलं गाव आल्याबिगर बाकावरनं उठायचं न्हाई."

जामिनाला अट होती, दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी. सोमवारी झुंबर गेला आणि बाकावर बसला. हवालदारानं सही घेतली. "झालं. ऊठ आता."

"गाव आलं न्हाई अजून."

हवालदारानं बरीच वाट पाहिली. मग दोघा शिपायांना सांगून बाक उचलला आणि झुंबरसकट अंगणात ठेवला. म्हणाला, "इथं नुसतं तोंड दाखवायचं आणि मागं फिरायचं. कळलं?"

कळलं. त्याच आठवड्यात सखूला कळा सुरू झाल्या. "अहो, नर्सबाईंकडं पळा." झुंबर जीव तोडून पळाला. नर्सबाई जेवत होत्या, तशाच उठून दारात आल्या. झुंबरनं तोंड दाखवलं आणि मागं फिरला. नशीब, की नर्सबाई त्याला पुरत्या ओळखून होत्या. त्यांनी पिशवी उचलली आणि त्याच्या मागं पळाल्या.

मुलगी झाली. सखू रडली. झुंबरही रडला. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

नर्सबाई हात पुसत म्हणाल्या, "कुणाच्या दारात गेलास की काम सांगायचं, झुंबर. आणि काम झाल्याशिवाय तिथून हलायचं नाही."

मुलगी रांगायला लागली तेव्हा अपिलाचा निकाल लागला. काठी दुसऱ्याच्या हातात होती हे वकीलबाईंनी दाखवून दिलं. झुंबर निर्दोष. सखूनं आनंदानं पुरण शिजत घातलं. चुलीपुढूनच म्हणाली, "आता आपल्याला कुणाची भीती न्हाई." तिची पाठ होती म्हणून तिला दिसलं नाही. झुंबर वळकटी बांधत होता. निकाल लागेपर्यंत बाहेर राहायचं होतं, आणि निकाल तर लागला.

तो थेट तुरुंगाच्या दारात गेला. पहारेकऱ्यानं विचारलं, "काय काम?"

"आत जायचंय."

पहारेकऱ्यानं चौकशी केली. "अरे, तू निर्दोष आहेस. घरी जा."

काम झालं नव्हतं, म्हणून झुंबर हलला नाही. दुपार टळली. पहारेकरी वैतागला. "असं कुणालाही आत घेत नाहीत. त्यासाठी आधी गुन्हा करावा लागतो."

कुणीतरी नीट समजावून सांगितलं म्हणून झुंबरला बरं वाटलं. त्यानं दगड उचलला आणि दारावरचा मोठा दिवा फोडला. मग लगेच आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात उभं केलं. सखू मुलीला कडेवर घेऊन आली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"सरकारी दिवा का फोडलास?" न्यायाधीशांनी विचारलं.

"आत घेत नव्हते, साहेब."

न्यायाधीशांनी सखूकडं पाहिलं, मुलीकडं पाहिलं. त्यांना दया आली. "जामीन देतो. बायको घ्यायला आलीय, तिच्याबरोबर घरी जा."

झुंबरनं हात जोडले. "जातो, साहेब. वळकटी तुरुंगातच राहू द्या. निकाल लागला की येतोच."