धूमकेशाचा उंबरा

एका राज्यात, जे चहूबाजूंनी समुद्रानं वेढलेलं आणि मधोमध एका धुमसत्या डोंगराच्या हवाली केलेलं होतं, जमीन काळी होती. खरं तर ती मातीच नव्हती. डोंगरानं कधीकाळी ओकलेली राख होती. विहीर नाही, नदी नाही, आणि पाऊस म्हणजे येतो येतो म्हणून न येणारा पाहुणा. तरी तिथल्या द्राक्षासवासाठी दूरदूरची गलबतं नांगर टाकून थांबत. लोक राखेत खोल आळं करत, त्यात एकच द्राक्षवेल लावत, आणि वाऱ्यानं ती ओरबाडू नये म्हणून दगडावर दगड रचून अर्धचंद्रासारखा गडगा घालत. एका वेलीला एक गडगा. त्यामुळे त्या राज्यात सोन्यापेक्षा चांगल्या चपट्या दगडाला मान होता.

तिथला राजपुत्र भद्रसेन, आणि त्याची नवी नवरी कुमुदा. ती पावसाच्या देशातून आली होती. बोलायची कमी, चालायची मान खाली घालून, आणि मान खाली घातल्यावर जे जे दिसतं ते नीट पाहायची.

तिथली रीत अशी, की नव्या नवरीच्या नावानं एक वेल लावायची आणि तिचा गडगा नवऱ्यानं स्वतः रचायचा. वेल तगली तर सून घरची. वाळली तर सून माहेरच्या गलबतात. भद्रसेनानं हौसेनं दगड जमवले, पार डोंगरमाथ्यावरून आणले. शेवटचा दगड ठेवून तो मागे सरायला गेला, तर पाय हलेनात. पावलं काळ्या दगडाची झाली होती.

रोज सूर्यास्ताला दगड थोडा वर चढे. वैद्य आले, पुरोहित आले, मान हलवून गेले. दगड गुडघ्यापाशी आला, मग कमरेपाशी.

"दुखतं का हो?" कुमुदानं विचारलं. लग्नानंतर ती आपणहून बोललेली ही पहिलीच गोष्ट.

"दुखत नाही. खाज सुटते, आणि दगडाला खाजवता येत नाही."

"रोज माणसं रांगेनं येतात तुम्हाला बघायला. मला वाटलं होतं, लग्नानंतर नवरीला बघतात."

भद्रसेन मोठ्यानं हसला. ते हसू ऐकून कुमुदानं मनाशी ठरवलं, की हा माणूस दगडाला द्यायचा नाही.

तेवढ्यात गडग्याच्या आडोशाला अंडी उबवत बसलेली टिटवी बोलली, "हसा, हसा. दुसऱ्याच्या दारातला दगड उचलतानाही असंच हसू येत होतं."

"कुणाच्या दारातला?" कुमुदानं विचारलं.

"धूमकेश मांत्रिकाच्या. माथ्यावरच्या गुहेचा उंबरा आणलाय या शहाण्यानं. जो तो उंबरा उचलून आपल्या भिंतीत रचेल, तो भिंत पुरी होताच दगड होऊ लागेल, असा मंत्र आहे त्यावर. द्राक्षं पिकेपर्यंत ओठ दगडाचे होतील. मग शाप कायमचा."

"ते दार होतं?" भद्रसेन चकित झाला. "मला भोक वाटलं!"

"तुम्हा बेटावरच्या लोकांना चपटा दगड दिसला की दार कुठलं दिसायला!" टिटवी म्हणाली.

"मग कुठला दगड तो?" कुमुदानं विचारलं.

"ते मला काय विचारता? मी अंडी घालते, दगड मोजत नाही."

कुमुदा डोंगर चढून गेली. गुहेबाहेर एक म्हातारा गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत बसला होता. त्याच्या दाढीतून धूर निघत होता.

"आजोबा, आत का बसत नाही?"

"उंबरा नाही. उंबऱ्यावाचून मांत्रिकाला स्वतःच्या घरात शिरता येत नाही. माझ्या सगळ्या विद्या आत, आणि मी बाहेर."

"माझ्या नवऱ्याचा शाप मागे घ्या."

"तो मंत्रही आतच आहे, मुली. आणि चोरीला गेलेली वस्तू मांत्रिकाला समोर असली तरी दिसत नाही. तूच शोधून आण. पण आधी पाणी दे, मग विस्तव दे. तहानेल्या, गारठल्या माणसाच्या तोंडून मंत्र चुकतो. पाणी हवं ते या राखेचंच. विस्तव हवा तो उघड्या हातावरून. माझ्या वाटेवर भांडं टिकत नाही."

राखेचं पाणी कसलं, असं लोक म्हणाले. कुमुदानं पाहिलं होतं, की पहाटे राख ओलसर असते आणि वेली त्यावरच जगतात. तिनं लग्नाचा शेला राखेवर पसरला, दव टिपलं आणि म्हाताऱ्याच्या ओंजळीत पिळलं. पाणी काळपट होतं. तो मिटक्या मारत प्याला.

विस्तवाला तिला विचारच करावा लागला नाही. चूल निजवताना निखारा राखेत पुरतात, हे कुठल्या बाईला ठाऊक नसतं? ओंजळभर राख, तिच्या पोटात निखारा, आणि वरून पुन्हा राख. तळहात तापले, भाजले नाहीत. म्हाताऱ्यानं शेकोटी पेटवली आणि म्हणाला, "आता उंबरा."

कुमुदा परतली तेव्हा भद्रसेनाच्या गळ्यापर्यंत दगड आला होता आणि मळ्यात घड काळे होऊ लागले होते. ती गडग्याचे दगड उतरवू लागली, तशी राणी सासूबाई धावत आली.

"सूनबाई, गडगा गेला की वेल गेली. वेल गेली की तू गेलीस. रीत माझ्याही हातात नाही."

"ठाऊक आहे, आईसाहेब. वरचा दगड जरा धरता?"

राणीनं धरला. करते काय!

सगळे दगड एकसारखे, अनारशासारखे जाळीदार. कुमुदा एकेक फिरवून बघे आणि बाजूला ठेवी. अगदी तळाला, सगळा भार ज्याच्यावर होता, तो दगड निघाला.

"हा," ती म्हणाली.

"कशावरून?"

"वाऱ्यानं दगड कडेनं झिजतात, हा मधोमध झिजलाय. आईसाहेब, इथं आल्यापासून मला कुणाचा चेहरा धड पाहायला मिळालेला नाही. पण देवघराचा, मुदपाकाचा, तुमच्या महालाचा, सगळे उंबरे तोंडपाठ आहेत. पाय पडतात तिथं ते असेच खोलगट होतात."

भद्रसेनाला काही म्हणायचं होतं. पण खालचा ओठ दगडाचा झाला होता.

तिनं दगड पाठीवर बांधला आणि ती चढू लागली. वारा सुटला होता. मागे उघडी पडलेली वेल तिला डोळ्यांपुढे दिसत होती, पण ती वळली नाही. गुहेच्या तोंडाशी तिनं दगड बसवला.

"बसला?" धूमकेशानं विचारलं. त्याला तो दिसत नव्हता.

"बसला. उजवा पाय उचला. जरा वर. हं, आता टाका."

म्हाताऱ्याचा पाय उंबऱ्यावर पडला, बरोबर त्या खोलगट जागी. तो आत गेला. आतून मंत्र ऐकू आला आणि डोंगरानं एक सुस्कारा सोडला.

कुमुदा धावतच खाली आली. वारा राख उधळत होता. भद्रसेन उभा होता तिथं नुसते काळे पापुद्रे पडले होते.

मग तिला दिसलं. वाऱ्याकडे पाठ करून, पदर डोक्यावरून ओढून, राणी सासूबाई वेलीच्या कडेनं राखेत बसली होती. शेजारी भद्रसेन, पाय अजून लटपटणारे, आईला खेटून बसलेला. दोघंही केसांपासून नखांपर्यंत काळी झालेली. आणि त्यांच्या आडोशाला वेल हिरवीगार.

"तू वर गेलीस तेव्हापासून बसलेय," राणी म्हणाली. "बघत काय राहिलीस? ये, इकडे बस. या बाजूला फट राहतेय."

कुमुदा बसली. वारा पडेपर्यंत तिघं तशीच बसून राहिली.

वेल तगली, सून घरची झाली, आणि त्या साली गलबतं आसवानं भरून गेली. ज्यांना त्याचा घोट मिळाला ते भाग्यवान; आपल्यापर्यंत वाऱ्यावरून त्याचा वास तेवढा आला, तो गोड मानून घ्यावा.